फेरेट घेऊन सशांमागे जाताय? जुन्या आणि नव्या पद्धतीतल्या या चुका टाळा

इंग्लंडमध्ये हिवाळा आला की शेतकरी, गेमकीपर (शिकारीच्या पशुपक्ष्यांची राखण करणारे) आणि त्यांच्या ओळखीचे हौशी लोक फेरेट, म्हणजे सशांना बिळातून हाकलायला पाळलेला मुंगसासारखा लांबट प्राणी, घेऊन बांधाबांधाने फिरायला लागतात. तिकडे खेड्याकडे राहणारे आपले मराठी लोकही हळूहळू यात पडतात, आणि मग पहिला प्रश्न हमखास येतो की जुनी पद्धत बरी की नवी? हेम्पची (भांगेच्या झाडाच्या धाग्याची) जाळी की नायलॉनची, दोरी बांधलेला हॉब (नर फेरेट) की गळ्यात लोकेटर कॉलर, म्हणजे फेरेट जमिनीखाली कुठे आहे ते सांगणारा पट्टा? माझं मत सरळ आहे. जनावराच्या जिवाशी संबंध असलेल्या गोष्टीत नवी पद्धतच घ्यायची आणि बिळाजवळ वागायचं कसं ते मात्र जुन्या लोकांकडूनच शिकायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, महागडं मशीन घेतात पण बिळाजवळ मोठमोठ्याने बोलत धपाधप चालत जातात, आणि जुन्यातलं जे टाकून द्यायला हवं होतं, फेरेटला उपाशी ठेवणं वगैरे, ते मात्र परंपरा म्हणून जपून ठेवतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, हे सगळं ब्रिटनमधलं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली रानसशाची शिकार गुन्हा आहे, आणि तसंही आपल्या माळावरचा ससा बीळ करून राहत नाही, गवताच्या झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच बसतो, त्यामुळे तिथे फेरेटचा काही उपयोग नाही. युरोपातला ससा वेगळा. तो कळपाने जमिनीखाली बिळांचं जाळं करून राहतो, त्याला वॉरन म्हणतात. फेरेट आत सोडला की ससे घाबरून दुसऱ्या तोंडातून बाहेर पळतात, त्याला बोल्ट होणं म्हणतात, आणि तिथे लावलेल्या जाळ्यात सापडतात. एवढंच तंत्र आहे, पण यात चुकायला जागा भरपूर.

फेरेटचं तोंड बांधणं आणि उपाशी ठेवणं

ही सगळ्यात वाईट चूक म्हणून पहिली घेतो. तोंड बांधायची पद्धत खूपच जुनी, दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने स्पेनकडच्या सशांच्या उच्छादाबद्दल लिहिलंय त्यातही तोंड बांधून बिळात सोडायच्या अशाच प्राण्याचं वर्णन आहे. हेतू हा की फेरेटने आतच ससा मारून खात बसू नये. पण तोंड बांधलेला फेरेट आत हरवला तर तो खाऊ शकत नाही, पाणी पिऊ शकत नाही, आत उंदीर किंवा दुसरं काही भेटलं तर स्वतःला वाचवू शकत नाही. इतकी जुनी पद्धत आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही. आता लोकेटर असताना तोंड बांधायचं काही कारणच उरलेलं नाही, कृपा करून हे करू नका.

उपाशी ठेवण्याचंही तसंच. उपाशी फेरेट जास्त जोमाने काम करतो असं अजून सांगितलं जातं, प्रत्यक्षात उपाशी फेरेट पहिला ससा सापडला की मारतो, पोटभर खातो आणि तिथेच झोपतो, मग तुम्ही वर थंडीत उभे. सकाळी निघताना थोडंसं खायला द्या, हलका ठेवा, पण उपाशी नाही. आणि पूर्वी फेरेटला दूधपाव द्यायची पद्धत होती ती पार सोडून द्या. फेरेट पक्का मांसाहारी आहे, दूधपावाने जुलाब होतात आणि अंगात ताकद राहत नाही. सशाचं मांस हाडाकेसासकट, कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, नाहीतर फेरेटचा कोरडा खाऊ, यातलं काहीही चालतं.

फेरेट आत गेला आणि येतच नाही

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रॉब्लेम हाच. बहुतेक वेळा दोनपैकी एक झालेलं असतं, एकतर त्याने आत ससा मारलाय, किंवा ससा एखाद्या बंद कोपऱ्यात पाठ करून घट्ट बसलाय आणि फेरेट त्याला मागून ओरबाडतोय पण पुढे जाता येत नाहीये. छोट्या वॉरनमध्ये चार-पाच फेरेट सोडणाऱ्यांना हे जास्त भोगावं लागतं, कारण सशाला दोन्ही बाजूने फेरेट दिसले की तो पळणार तरी कुठे? छोट्या बिळाला एक किंवा दोन जिल पुरतात. जिल म्हणजे मादी, ती हॉबपेक्षा, म्हणजे नरापेक्षा बरीच लहान आणि चपळ असते, म्हणून बरेच लोक कामाला जिलच पसंत करतात.

पूर्वी अशा वेळी लायनर वापरायचे. एक दणकट हॉब वेगळा ठेवलेला असायचा, त्याच्या गळ्याला लांब दोरी, दोरीला दर यार्डाला गाठ किंवा खूण. तो आत जाऊन जिलला हाकलायचा आणि सशापाशी थांबायचा, मग किती दोरी आत गेली ते मोजून, दिशा धरून खणायचं. जुन्या लोकांचं यातलं कसब खरंच मोठं होतं, हे मी मनापासून म्हणतो. पण दोरी मुळांमध्ये अडकते, दोन-तीन वळणांनंतर दिशा कळत नाही, आणि मग एकाच्या जागी दोन जनावरं आत अडकतात. लोकेटरमध्ये कॉलरमधला ट्रान्समीटर सिग्नल देतो आणि वर तुमच्या हातातल्या बॉक्सवर फेरेट नेमका कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. जुने बॉक्स ८ फुटी आणि १५ फुटी यायचे, नवे साधारण १६ फुटांपर्यंत चालतात आणि खोली आकड्यात दाखवतात. या एका गोष्टीने खणण्याचे तास वाचलेत आणि कितीतरी फेरेटचे जीव वाचलेत, ज्याच्याकडे लोकेटर नाही त्याने फेरेट बिळात सोडूच नये असं मला ठामपणे वाटतं.

पण लोकेटरच्याही चुका आहेतच. कॉलरमधली बॅटरी घरून निघताना तपासली म्हणून झालं असं नाही, प्रत्येक वेळी फेरेट बिळात सोडायच्या आधी बॉक्स कॉलरजवळ धरून सिग्नल येतोय का ते बघायचं, दोन सेकंदांचं काम आहे. कॉलर सैल बांधली तर ती मुळाला अडकून निघून येते आणि तुम्ही तासभर खणून रिकाम्या कॉलरपर्यंत पोचता. एक बोट जेमतेम जाईल इतकी घट्ट ठेवा, आणि बॅटरीच्या झाकणावर चिकटपट्टीचा वेढा द्या कारण झाकण आत फिरून निघतं. जुना बॉक्स विजेच्या तारेखाली किंवा इलेक्ट्रिक कुंपणाजवळ खरखर करायला लागतो, तो सिग्नल समजून खणायला सुरुवात करू नका, थोडं बाजूला होऊन परत बघा.

खणताना सरळ फेरेटच्या डोक्यावर खणायचं नाही, थोडं बाजूने खाली जायचं, मध्ये मध्ये थांबून परत सिग्नल बघायचा कारण तो तेवढ्यात हललेला असतो, आणि शेवटचा फूटभर फावडं ठेवून हाताने माती काढायची. वाळूच्या जमिनीत तर फारच जपून, माती एकदम बसते. काम झालं की खड्डा पूर्ण भरून, पायाने दाबून मगच निघायचं. उघड्या खड्ड्यात गाईचा किंवा घोड्याचा पाय गेला तर मोडतो, आणि त्या शेतावर तुम्हाला परत कोणी बोलावत नाही.

आणि लोकेटर अगदीच बंद पडला तर? सगळी तोंडं मातीने बंद करून एकच उघडं ठेवा, तिथे गवत घातलेला फेरेटचा बॉक्स ठेवा, बॉक्समध्ये ताजा कापलेला ससा ठेवा, आणि संध्याकाळी आणि पहाटे परत येऊन बघा. हा जुन्या लोकांचा उपाय आहे आणि आजही चालतो.

ससे बाहेरच येत नाहीत

इथे मशीन काही करू शकत नाही, इथे सगळं तुमच्या वागण्यावर आहे. सशाला पायांचे धक्के जमिनीतून कळतात, गाडीचं दार आपटलं, गप्पा मारत आलात, कुत्रा भुंकला की आत सगळ्यांना खबर लागते आणि मग वर माणूस उभा आहे हे माहीत असलेला ससा फेरेटने चावलं तरी बाहेर यायला तयार होत नाही. वारा तोंडावर घेत यायचं म्हणजे तुमचा वास बिळाकडे जाणार नाही, पाऊल अलगद टाकायचं, बोलणं हाताच्या खुणेने. जाळी लावून झाल्यावर बिळाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, मागे किंवा बाजूला, सावलीसुद्धा तोंडावर पडू द्यायची नाही. चांगला व्हिपेट किंवा लर्चर (सडपातळ शिकारी कुत्रा) असेल तर तो वास घेऊन सांगतो की आत ससे आहेत की नाही, रिकाम्या बिळावर जाळी लावण्यात अर्धा दिवस घालवणाऱ्यांनी कुत्र्यावर विश्वास ठेवायला शिकावं.

सीझनचंही तेच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च हा काळ उगीच ठरलेला नाही. उन्हाळ्यात काटेरी ब्रॅम्बल आणि नेटल इतकं माजतं की अर्धी तोंडं दिसत नाहीत, आत पिल्लं असतात, फेरेट पिल्लांच्या घरट्यावर बसला की उठत नाही. शिवाय फेरेटला उकाडा अजिबात सोसत नाही, उन्हात बंद गाडीत बॉक्स ठेवला तर थोड्या वेळात मरतो.

ससा जाळ्यातून निसटतो

पर्स नेट साडेतीन-चार फुटांचं असतं, दोन टोकांना कड्या, कडेने ओवलेली दोरी, आणि एक खुंटी. ससा आदळला की दोरी ओढली जाऊन पिशवी बंद होते. खुंटी बिळाच्या वर पक्की ठोकलेली हवी, जाळं तोंडावर मधोमध आणि पूर्ण पसरलेलं हवं, आणि कडी दोरीवर मोकळी सरकायला हवी. बहुतेक ससे निसटतात ते काडी किंवा पान दोरीत अडकल्यामुळे, जाळ्याच्या दर्जामुळे नाही.

हेम्प की नायलॉन यावर लोक भांडतात. हेम्पचं जाळं मऊ आणि वजनदार, जमिनीवर नीट बसतं, वाऱ्याने उडत नाही, गुंता कमी होतो, पण ओलं तसंच पिशवीत ठेवलं तर कुजतं, दरवेळी वाळवायलाच लागतं. नायलॉन कुजत नाही, स्वस्त आणि हलकं, पण हलकं आहे म्हणूनच वाऱ्याच्या दिवशी तोंडावरून सरकतं. मला स्वतःला हेम्प आवडतं, तरी पावसाळी हवेत नायलॉन नेण्यात काही कमीपणा नाही.

झुडपाखाली जिथे एकेका तोंडाला जाळं लावणं शक्यच नाही तिथे लाँग नेट बाहेरून वेढा देऊन उभारतात. ते ताणून बांधणं ही नव्या माणसाची हमखास चूक, ताणलेल्या जाळ्यावरून ससा उसळी खाऊन परत जातो. भरपूर झोळ ठेवा म्हणजे तो आत गुरफटतो.

सापडलेला ससा तडफडत ठेवायचा नाही. त्याची मान एका झटक्यात मोडणं हे अनुभवी माणसासमोर बसून शिकून घ्या, ते येत नसेल तर पहिल्या दिवशी एकटे जाऊच नका. ससा काढल्यावर लगेच त्या तोंडावर दुसरं जाळं लावा, त्याच तोंडातून पाठोपाठ दुसरा येतो.

फेरेट तोंडाशी येतो आणि परत आत पळतो

हे तुमच्या घाईमुळे होतं. त्याला झडप घालून पकडायची सवय असेल तर तो पुढच्या वेळी हाताच्या बाहेर राहायलाच शिकतो. त्याला पूर्ण बाहेर येऊ द्या, हात खाली जमिनीलगत ठेवा, मग शांतपणे उचला. ही सवय पिल्लू असतानाच लावायची, रोज हाताळायचं. चावणारा फेरेट बहुतेकदा कमी हाताळलेला किंवा घाबरलेला असतो.

परवानगी आणि कायदा

जमीनमालकाची लेखी परवानगी खिशात हवीच, तोंडी ओळखीवर जाऊ नका. १८८० च्या ग्राउंड गेम ॲक्टने जमीन कसणाऱ्याला ससे धरायचा हक्क दिला आणि १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टने त्यांचा बंदोबस्त करायची जबाबदारीही टाकली. बॅजरच्या (जमिनीत बीळ करून राहणारा, काळ्यापांढऱ्या तोंडाचा रानटी प्राणी) बिळात फेरेट सोडणं किंवा तिथे खणणं १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ससे कधीकधी बॅजरच्याच बिळात राहतात, त्यामुळे तोंड खूप रुंद असेल, बाहेर मातीचा मोठा ढीग आणि ओढून आणलेलं गवत असेल तर तिथून निघून जा. स्कॉटलंडमध्ये कुत्रे वापरण्याचे नियम २०२३ च्या कायद्यानंतर आणखी कडक झालेत, तिकडे जाणार असाल तर आधी नीट वाचा.

हरवलेला फेरेट "जगेल रानात" म्हणून सोडून येणं हेही चुकीचंच. न्यूझीलंडमध्ये १८८० च्या दशकात ससे मारायला फेरेट मुद्दाम सोडले होते, आज तिथे ते उडता न येणाऱ्या पक्ष्यांचे मोठे शत्रू आहेत आणि ते पाळण्यावर बंदी आहे.

घरी आल्यावर

फेरेटला कुत्र्यांचा डिस्टेम्पर हा विषाणूचा रोग होतो आणि तो जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो, माणसाचा फ्लूसुद्धा लागतो, म्हणून सर्दी-तापात असाल तर जनावराला दुसऱ्याने खायला घालावं. जिल माजावर येऊन तशीच राहिली तर रक्तातल्या पेशी कमी होऊन मरू शकते, वसंताच्या आधीच व्हेटशी इंजेक्शन, इम्प्लांट किंवा नसबंदी केलेल्या हॉबबद्दल बोलून ठेवा. बाकी रोजचं काम एवढंच की आधी फेरेटला खायला-प्यायला, मग पंजे, कान आणि गोचिडी बघायच्या, कॉलरमधल्या बॅटऱ्या काढायच्या, जाळी मोजायची (एखादं शेतात राहिलं तर त्यात दुसरंच जनावर अडकून मरतं, कमी भरलं तर त्याच रात्री टॉर्च घेऊन परत जा) आणि हेम्पची जाळी वाळत टांगायची.