जर्मनीत मास्टर्स: आधी पत्ता, मग तिकीट

जर्मनीहून सुट्टीला सांगलीत विश्रामबागला आले की ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली पोरं घरी येतात. प्रश्न ठरलेले. कुठली युनिव्हर्सिटी घेऊ, आयईएल्टीएसला किती बँड लागतात, पार्ट-टाइम जॉब मिळतो का. राहायचं कुठे, हे आजवर एकानंही आपणहून विचारलेलं नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते. एपीएस (पदवीच्या कागदांची तपासणी), एसओपी (अर्जासोबतचं निवेदन), कोल्हापूरच्या युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट काढणं यावर माहिती भरपूर आहे, ती परत उगाळत नाही.

पैशाचं आधी उरकते. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धंच खरं. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरमागे चार ते सहा हजार युरो. बाकी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही, पण व्हिसासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, लागतंच. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभरच्या घरात धरा, म्हणजे बारा लाख आले. ते महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुमच्याच हातात परत येतात, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. माझ्या पप्पांना कितीतरी दिवस ती फीच वाटत होती.

आणि आपल्याकडचा खास घोळ: तासगावला द्राक्षबाग आहे, वाळव्याला ऊस आहे, म्हणून कर्ज सहज मिळेल असं धरून चालू नका. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली ती जप्त करता येत नाही. एन.ए. (बिगरशेती) प्लॉट नाहीतर कागद नीट असलेलं घर लागतं. बाग कितीही मोठी असू दे, मॅनेजर सातबारा बघतो आणि चहा पाजून परत पाठवतो.

आता मुद्द्याचं. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत त्या पत्त्याची नोंदणी पालिकेच्या ऑफिसात करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी तुम्हाला खोली देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ करा, कारण मेलमध्ये हेच लिहून मागायचंय. नुसता भाडेकरार चालत नाही.

मला खोली मिळाली ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या एका सिनिअर ताईकडून. मराठीच. भाडं कमी, युनिव्हर्सिटी ट्रामनं जवळ. 'ये गं, आपलंच घर समज,' म्हणाली. पत्राचा विषय काढला की 'आल्यावर बघू.' आल्यावर कळलं की तिनं घरमालकाला न विचारताच पोटभाडेकरू ठेवले होते. पत्र दिलं तर तिचंच बिंग फुटणार. मग कसलं पत्र!

यात एवढं मोठं काय, असं वाटत असेल तर पुढची साखळी बघा. नोंदणी नाही म्हणून माझ्या बँकेनं चालू खातं उघडलं नाही. (काही ऑनलाइन बँका नुसत्या पासपोर्टवर उघडतात, ते निघण्याआधीच बघून ठेवा.) चालू खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले ९९२ युरो सुटेनात. म्हणजे बारा लाख नावावर आणि ब्रेड घ्यायला पप्पांच्या फॉरेक्स कार्डावर डोळा. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टानं घरी येतो. तो नाही म्हणून कॅफेवाल्यानं कामावर घ्यायला टाळाटाळ केली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण जातो तो व्हिसा थोड्या महिन्यांचा असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून राहण्याचा परवाना काढावा लागतो, आणि तिथं अपॉइंटमेंट मागितली की पहिला कागद नोंदणीचा. एक पत्र नाही, तर सगळंच अडून बसतं.

त्यात पोस्टाची तऱ्हा वेगळी. इमारतीच्या दारात टपालपेट्या असतात, आणि पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. आमच्या पेटीवर ताईचं एकटीचं आडनाव, छापील पट्टीवर. माझं लिहायला बंदी, कारण मालक खालच्याच मजल्यावर. मी एकदा चिकटपट्टीनं कागदाचा तुकडा लावला तर संध्याकाळपर्यंत तिनं तो काढून टाकला होता. हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड दोनदा परत गेलं. आपल्याकडे पोस्टमन 'अमुक काकांच्या माडीवर राहते ती' म्हणून शोधत येतो. तिकडं आडनाव नाही म्हणजे माणूसच नाही.

यावर शॉर्टकट सांगणारे लगेच भेटतात. शंभर-दोनशे युरो द्या, पत्ता देतो, राहायला यायची गरज नाही. हे अजिबात करू नका. जो खरोखर राहायला येणार नाही त्याला नोंदणीसाठी पत्ता देणं तिकडे बेकायदा आहे आणि असा पत्ता देणाऱ्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो; खोटी नोंदणी करणाऱ्यालाही दंड होतो. तसंच 'मी परगावी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअर करतो' म्हणणारा मालक दिसला की ती जाहिरात तिथंच सोडा. कायद्यानं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, हेही माहीत असू द्या.

माझं स्पष्ट मत: ग्रुपवरचे दादा-ताई भाजी कुठं स्वस्त मिळते एवढंच विचारायला बरे. कागदपत्रांचं युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून विचारा. उत्तर उशिरा येतं, कोरडं येतं, पण खरं येतं. मला शेवटी तिथल्याच एका बाईंनी विद्यार्थी हॉस्टेलमध्ये रिकामी झालेली खोली सांगितली. फोनवर त्या माझ्याशी जेमतेम मिनिटभर बोलल्या असतील.

घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. खोली मिळाल्यावर सगळं पटापट सुटलं. बँक, टॅक्स नंबर, काम, परवाना, एकामागोमाग एक. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, तेवढ्यात जेवणाखाण्याचं भागतं. फक्त पहिलं सेमिस्टर हातचं गेलं. तिकडं बहुतेक विषयांना इंटर्नल मार्क नसतात, सर मागे लागत नाहीत, परीक्षेसाठी पोर्टलवर तारखेच्या आत स्वतः नाव नोंदवायचं. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्सच बंद. मी पालिकेच्या दारात बसलेले असताना वर्गातली बाकीची असाइनमेंट करत होती, त्याचा राग अजून जात नाही.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न उरतोच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. आईचा रात्रीचा नऊचा फोन मग दुपारी साडेचारला, लेक्चरमध्ये यायला लागतो. मी 'सगळं छान आहे' एवढंच सांगायचे. तुम्ही निदान भावाला तरी खरं सांगा. आणि तूप, कंदी पेढे बॅगेत घालू देऊ नका. युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. भडंग खुशाल न्या.

हिवाळी सेमिस्टरला जाणार असाल आणि जुलैत हे वाचत असाल तर वेळ आहे. हॉस्टेलचा अर्ज आजच भरा, काही ठिकाणी ॲडमिशन लेटर येण्याआधीही घेतात. खासगी खोली बघत असाल तर पहिल्याच मेलमध्ये दोन गोष्टी लिहून विचारा: नोंदणीसाठी पत्र देणार का, आणि टपालपेटीवर माझं नाव लागेल का. 'आल्यावर बघू' असं उत्तर आलं तर दुसरी खोली शोधा, मग ती तासभर लांब असली तरी चालेल. सप्टेंबर उजाडला असेल तर तिकीट बुक करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाका, हॉस्टेलच्या वेटिंग लिस्टमध्ये कितवा नंबर आहे ते विचारा, आणि आठवड्यानं परत विचारा.