स्वयंचलित नाव घडवताना: हतनूरच्या पाण्यावरची पूर्वतयारी

जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाच्या जलाशयात स्वयंचलित नावेचा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी संगणकाआधी नावाड्याकडे जावे. त्याच्या नावेवर कॅमेरा, जीपीएस व लिडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण) बसवून, तो सुकाणू केव्हा आणि किती वळवतो याची नोंद सकाळच्या धुक्यात, भर उन्हात आणि पावसाळ्यातील गढूळ पाण्यातही घ्यावी. कारण केवळ स्वच्छ उजेडातील चित्रांवर शिकवलेले मॉडेल, म्हणजे नाव चालवणारी संगणक प्रणाली, पाण्यावरच्या चकाकीलाच अडथळा समजू शकते. जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा, जलपर्णीचा तरंगता पुंजका, पाण्याबाहेर जेमतेम डोकावणारे बाभळीचे खोड यांची चित्रांत वेगवेगळी ओळख नोंदवावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण माझ्या मते निम्मी सुरक्षितता इथेच ठरते. पूर्ण बुडालेले खोड कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे अडथळे शोधणारे उपकरण, हवाच.

पुढे या मॉडेलला सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या आभासी पाण्यावर, सराव द्यावा. समोरासमोर येणाऱ्या यंत्रचलित नावांनी आपापल्या उजवीकडे वळावे, हा समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील नियम मॉडेलच्या अंदाजावर न सोडता प्रणालीत थेट लिहावा. फिनलंडमध्ये २०१८ साली ‘फाल्को’ ही फेरी स्वतःहून धक्क्याला लागली, तेव्हाही किनाऱ्यावरून कप्तान लक्ष ठेवून होता. म्हणून सुरुवातीच्या चाचण्या रीतसर परवानगी घेऊन, प्रवाशांविना, अनुभवी नावाडी सोबत बसवून आणि इंजिन तत्काळ बंद करणारे बटण त्याच्या हाताशी ठेवूनच कराव्यात.