लहान कॉलेजात फ्रेंच-जर्मन शिकताय? या चुका टाळा

नवा वर्ग भरला की पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांच्या वह्या चाळते. डावीकडे फ्रेंच शब्द, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडे इंग्रजी अर्थ. वर्गात जेमतेम नऊ जण, त्यातले निम्म्याहून जास्त घरी मराठी बोलणारे, पण वहीत मराठी अर्थ औषधालाही नसतो. मध्य रेल्वेवरच्या एका लहान कॉलेजात मी तासिका तत्त्वावर फ्रेंच आणि जर्मन शिकवते. मुलं पुढे वर्षभर जिथे अडतात, त्यातल्या बऱ्याच जागांची सुरुवात या तीन रकान्यांतच झालेली असते.

मधे इंग्रजीला बसवणं

मनात मराठी वाक्य येतं, मुलं ते आधी इंग्रजीत नेतात आणि तिथून फ्रेंचमध्ये. ‘तू येतोस का’ आणि ‘तुम्ही येता का’ या दोन्हींचं इंग्रजीत एकच ‘यू’ होतं. मग हात वर होतो, “मॅम, इथे कुठला यू?” फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’, जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’. जन्मापासून तू-तुम्ही सांभाळत आलेल्या पोरांना हा प्रश्न पडतो, कारण फरक इंग्रजीच्या गाळणीत आधीच गळालेला असतो.

अर्थात आपलं माप तसंच्या तसं तिकडे लावायचं नाही. आपण भाजीवाल्याला बिनधास्त “दे रे पाव किलो” म्हणतो. पॅरिसमध्ये अनोळखी दुकानदाराला ‘त्यू’ म्हटलंत तर तो उद्धटपणा होतो. देवाला मात्र तिकडेही एकेरीच, आपल्या विठोबासारखं.

जर्मनची तीन लिंगं समजली की वर्गात सुस्कारे सुटतात. ‘मेड्शन’ म्हणजे मुलगी आणि तो शब्द नपुंसकलिंगी, हे ऐकून दर वर्षी कुणीतरी हसतंच. मी फळ्यावर ‘ते लेकरू, ते कोकरू, ते पाखरू’ लिहिते. लहानपण दाखवणारा ‘शन’ प्रत्यय लागला की जर्मन शब्द नपुंसकलिंगी होतो, जसा आपला ‘रू’वाला. हिंदीत दोनच लिंगं, इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही. ही सोय आपल्याकडे घरबसल्या आहे.

वाक्यरचनेत तर मराठी माणसाची चैन आहे. जर्मनमध्ये ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद शेवटी जातं, आणि इंग्रजीवरून येणारी मुलं इथे हमखास गळपटतात. पण ‘वाइल इश हॉइटे त्सू हाउझे बिन’ याचं मराठी ‘कारण मी आज घरी आहे’. एकेक तुकडा जागच्या जागी! जपानी शिकणारे आणखी नशीबवान, त्यांना प्रश्नाच्या शेवटी चक्क ‘का’ मिळतो.

जिथे मराठी दगा देते तेही सांगते. लिंगं असतात तीनच, पण ती जुळत नाहीत. आपला काटा पुल्लिंगी, जर्मन ‘गाबेल’ स्त्रीलिंगी. आपली सुरी स्त्रीलिंगी, त्यांचं ‘मेसर’ नपुंसकलिंगी. म्हणून शब्द कधी एकटा लिहू नका. वहीत ‘डी गाबेल, काटा’ आणि ‘डास मेसर, सुरी’ अशीच जोडी हवी. मागाहून लिंग पाठ करू म्हणणारं कुणी ते केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

देवनागरी उच्चारावर विसंबणं

मधला रकाना खोडून टाका. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे आहेत, पण लिपीत दोन्ही एकच. जी लिपी आपलेच दोन च दाखवत नाही, ती फ्रेंच स्वर काय दाखवणार? ‘त्यू’ हे वर मी लिहिलंय तेही कामचलाऊच. ओठ ‘ऊ’सारखे गोल आणि जीभ ‘ई’च्या जागी, असा तो स्वर आहे. ‘चाक’वाला च मात्र जपून ठेवा. जर्मन शब्दाच्या सुरुवातीचा झेड जवळपास तसाच म्हणायचा असतो, आणि इतरांना त्यासाठी आठवडाभर घाम गाळावा लागतो.

उपाय कानांचा आहे. डॉइच वेले ही जर्मन वृत्तसंस्था संथ लयीत वाचलेल्या जर्मन बातम्या देते, आणि आरएफआय या फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं आहेत. दोन्ही फुकट. लोकलमध्ये ऐका आणि ऐकलेलं तोंडातल्या तोंडात म्हणा. गर्दीच्या डब्यात पुटपुटणाऱ्याकडे कुणी बघत नाही, स्तोत्र चाललंय असंच समजतात.

शब्दकोशाचं चुकीचं पान

साहित्याच्या पेपरला खरी तारांबळ इथे उडते. कथेतलं वाक्य आहे ‘एअर ह्योर्ट उम फ्युन्फ आउफ’. विद्यार्थिनीने ‘ह्योरेन’ शोधलं, अर्थ मिळाला ‘ऐकणे’, आणि उत्तर लिहिलं की तो पाच वाजता ऐकतो. शेवटी पडलेला ‘आउफ’ तिने पाहिलाच नाही. क्रियापद ‘आउफह्योरेन’ आहे, म्हणजे थांबणे. जर्मन वाक्याचं शेवटचं टोक बघितल्याशिवाय शब्दकोश उघडायचा नाही.

फ्रेंचचा घोटाळा निराळा. दोन वर्षं बोलण्याचा भूतकाळ शिकलेली मुलं एकोणिसाव्या शतकातली कथा उघडतात आणि पहिल्याच परिच्छेदात क्रियापदं ओळखेनाशी होतात. तो ‘पासे सँप्ल’, लिखाणातला भूतकाळ. बोलण्यात तो जवळजवळ येत नाही, म्हणून सुरुवातीच्या पुस्तकांत नसतो. सगळी रूपं घोकू नका. कथेत तृतीय पुरुषच जास्त येतो, तेवढा ओळखता आला तरी गाडी चालते. ‘एत्र’चं (असणे) ‘फ्यू’, ‘फेर’चं (करणे) ‘फी’, ‘व्वार’चं (पाहणे) ‘वी’. शेवटच्याला जपा. ‘इल वी’ म्हणजे ‘तो जगतो’ आणि कथेत तेच ‘इल वी’ म्हणजे ‘त्याने पाहिलं’. स्पेलिंगसुद्धा एकच, संदर्भावरूनच ठरवायचं.

मूळ न वाचता गाइड वाचणं

झेरॉक्सवाल्याकडे इंग्रजी नोट्स मिळतात, त्यामुळे मोह होतो. आल्बेर काम्यूच्या 1942 सालच्या ‘लेत्रांजे’ कादंबरीचं पहिलंच वाक्य घ्या. नायक आईला ‘मामाँ’ म्हणतो, लेकराच्या तोंडचा घरगुती शब्द. 1946 च्या इंग्रजी अनुवादात तिथे ‘मदर’ आलं. त्यावर बेतलेली उत्तरं सांगतात की नायक पहिल्या शब्दापासूनच आईबद्दल कोरडा आहे. मराठीत वाचा बरं, ‘आज आई गेली’ आणि ‘आज मातोश्री निवर्तल्या’. हा माणूस कोरडा आहे की नाही, हा वाद जरूर घाला, पण पुरावा मूळ शब्दांतून आणा. सगळी कादंबरी मुळात झेपणार नाही, हे मलाही कळतं. पहिलं पान, शेवटचं पान आणि परीक्षेला हमखास येणारे दोन-तीन उतारे तरी मुळातून वाचा.

कॉलेजच्या वाचनालयात एकच कपाट आहे अशी तक्रार करून थांबू नका. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनचं, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या ग्योटे संस्थेचं वाचनालय आहे, सीएसएमटीहून चालत जाता येतं. न्यू मरीन लाइन्सला फ्रेंच शिकवणाऱ्या आलियाँस फ्रान्सेजचंही आहे.

गुणपत्रिकेला लेव्हल समजणं

विद्यापीठाचे गुण आणि भाषा किती येते हे मोजणारी युरोपची ए-1 ते सी-2 ही मोजपट्टी यांचा थेट संबंध नाही. माझी एक विद्यार्थिनी कॉलेजात पहिली आली आणि डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत तोंडीला गप्प बसली, कारण तीन वर्षं तिने लिहिलंच फक्त. डेल्फला चार भाग, प्रत्येकी 25 गुण. पास व्हायला एकूण 50 लागतात, पण एकाही भागात 5 च्या खाली गेलात तर एकूण कितीही असोत, नापास. ग्योटेच्या जर्मन बी-1 परीक्षेला चारही भागांत वेगवेगळे 60 टक्के हवेत. लिहिण्यातले गुण बोलण्याला उसने मिळत नाहीत.

आणि इथेच लहान कॉलेजाचा फायदा बहुतेक जण वाया घालवतात. 48 मिनिटांच्या तासात नऊ जणांना प्रत्येकी पाच मिनिटं बोलता येतं. साठ जणांच्या वर्गात मिनिटभरही मिळत नाही. तरी पहिला बाक रिकामा ठेवून नऊही जण शेवटच्या दोन बाकांवर दाटीवाटीने बसतात. मी आता टेबल सोडून मागेच जाऊन बसते.