चिनी विद्यार्थ्यांना 'बिड' शिकवताना

इंग्रजी 'बिड' (bid) शिकवताना अर्थाआधी उच्चार घ्या. मँडरिनमध्ये (प्रमाण चिनीत) शब्दाच्या शेवटी ड येतच नाही आणि ब आपल्यासारखा घोष, म्हणजे कंठ कंप पावून उच्चारलेला, नसतो, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांचा 'बिड' मराठी कानाला चक्क 'पिट' ऐकू येतो. ड जमेना तर स्वरावर किंचित रेंगाळायला सांगा. फार ओढला तर 'बीड' होतो, म्हणजे मणी. (आपला जिल्हाही, पण ते त्यांना सांगून काय उपयोग!)

लिलावातली बोली 'छू-च्या', निविदा भरणं 'थौ-प्याओ'. चिनीत दोन क्रियापदं, इंग्रजीत एकच. म्हणून शब्द सुटा देऊ नका: चित्रावर 'बिड ऑन', कंत्राटासाठी 'बिड फॉर'. अमेरिकेत कंत्राटालाही 'ऑन' चालतं.

बातम्यांतला 'बिड' म्हणजे काहीतरी मिळवण्याची धडपड. इथे मी बीजिंगच घेते. २००० च्या ऑलिंपिकचा 'बिड' १९९३ मध्ये सिडनीपुढे अवघ्या दोन मतांनी हुकला. २००८ चा २००१ मध्ये जिंकला. चिनीत ऑलिंपिकच्या 'बिड'ला 'शन-आओ' म्हणतात. पेंगणारा वर्गही इथे ताठ बसतो.

'बिड फेअरवेल' (निरोप घेणं) सगळ्यात शेवटी. त्याचा भूतकाळ 'बेड', लिलावात मात्र तिन्ही रूपं 'बिड'च. रोजच्या बोलण्यात 'बिड फेअरवेल' कुणी वापरत नाही. वाचताना ओळखलं की पुरे.