पिग्मीचं ॲप आणि चौघांच्या चार मागण्या, जुळवायच्या कशा?

पतसंस्थेसाठी पिग्मीचं, म्हणजे एजंट रोज फिरून गोळा करतो त्या बचतीचं, ॲप करायला घेतलंय ना, मग पहिल्याच मीटिंगला सगळ्यांना एकत्र बसवू नका. चेअरमन समोर असले की एजंट तोंड उघडत नाही, मॅनेजर नुसती मान डोलावतो, आणि खरं काय ते ॲप चालू झाल्यावर कळतं. आधी एकेकाला गाठा. एजंटबरोबर बाजारातून एक फेरी मारा, संध्याकाळी भरणा चालू असताना कॅशियरशेजारी बसा. ऑडिटरला फोनवर विचारलं तरी चालतं, त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं.

मागणी लिहून घेताना "काय पाहिजे"च्या शेजारी "कशासाठी" हा रकाना ठेवाच. एजंट म्हणणार पावती एडिट करता आली पाहिजे, ऑडिटर म्हणणार झालेल्या एंट्रीला कोणी हात लावायचा नाही. वरवर बघितलं तर दोघांचं जमणारच नाही, पण एजंटला फक्त ५०च्या जागी ५०० पडले तर ते सुधारायचंय आणि ऑडिटरना कोणी काय बदललं ते दिसायला हवंय. मग एडिट नाहीच, उलटी एंट्री करायची, कारण टाकायचं, मॅनेजरने पास करायची, दोन्ही एंट्र्या रेकॉर्डला राहतात.

ऑफलाइनचंही तसंच. एजंटला गल्लीबोळात रेंज नसते आणि चेअरमनना खातेदाराला एसएमएस लगेच गेलेला हवा असतो, कारण पैसे घेऊन भरलेच नाहीत तर ही धास्ती. पावती ब्लूटूथ प्रिंटरवर जागच्या जागी द्या, एसएमएस रेंज आल्यावर जाईल, आणि आजचं सिंक झाल्याशिवाय, म्हणजे आजच्या पावत्या सर्व्हरवर चढल्याशिवाय, उद्या ॲपमध्ये नवीन पावती निघणार नाही. एसएमएसचं टेम्प्लेट डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर, मंजूर करून घ्यावं लागतं हेही आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर तो उशीर तुमच्या नावावर पडतो.

आता सगळ्यांना एकत्र बसवा. मस्ट (हवंच), शूड (असावं), कुड (असलं तर बरं), वोन्ट (या वेळी नाही) अशी वाटणी करायची मॉस्को पद्धत ओरॅकलमधल्या डाय क्लेगने १९९४ साली काढली, चांगली आहे, फक्त आपल्याकडे सगळंच मस्टमध्ये जातं. म्हणून प्रत्येक मागणीपुढे लागणारे दिवस लिहा आणि मस्टचं काम एकूण कामाच्या ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. वाद झालाच तर एकच विचारायचं, हे नसेल तर पहिल्या दिवशी पिग्मी गोळा होईल का? होत असेल तर ते मस्ट नाही.

वोन्टची यादी मात्र मिटिंगच्या इतिवृत्तात घालून सह्या घ्या. चेअरमनचा डॅशबोर्ड हमखास तिथे जाणार आणि ते थोडे नाराज होणार, तर रोज रात्री एकूण भरण्याचा एक व्हॉट्सॲप मेसेज त्यांना चालू करून द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.