पंक्चर काढल्यावर चाकाचे नट ढिले का होतात, आणि ते नीट कसे आवळायचे

मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्याने दहा मिनिटांत चाक चढवलं, पान्यावर उभं राहून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "आता वर्षभर बघायला नको." तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना दिघ्याजवळ मागच्या चाकातून टक्‌-टक्‌ आवाज यायला लागला. उतरून पाहिलं तर पाचपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. जोर कमी पडला होता असं कोण म्हणेल! घोळ त्याआधीच झाला होता. चाक चिखलासकट बसवलं होतं.

गाडीचं वजन नटांवर लटकलेलं असतं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे नट आवळला की स्टड (नट ज्यावर फिरतो तो बोल्ट) केसभर ताणला जातो आणि ताणलेल्या रबरासारखा चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागावर, दाबून धरतो. त्या दाबामुळे जे घर्षण होतं, ते गाडीचं ओझं पेलतं. आता चाक आणि हब यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा, रंगाचा थर किंवा वाळलेला चिखल असेल, तर दोन दिवसांच्या खड्ड्यांत त्याचं पीठ होतं. थर गेला, तेवढा स्टडचा ताण गेला. मग चाक हबवर किंचित आडवं सरकायला लागतं, आणि या आडव्या हलण्यानेच नट आपोआप उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिलं.

म्हणून चाक काढलंच आहे तर पहिलं काम पान्याचं नाही, वायर ब्रशचं. हबचा सपाट भाग आणि चाकाची आतली बाजू धातू दिसेपर्यंत घासा. ऐरोली, वाशीकडे खाडीची खारी हवा आहे, तिथे गंज लवकर धरतो. आटेही ब्रशने साफ करा, पण तेल-ग्रीस लावू नका. पान्याला दिलेल्या जोरातला साधारण 90 टक्के जोर घर्षणातच खर्च होतो. तेलाने ते घर्षण घटलं की त्याच जोरात स्टड भलताच ताणला जातो. गंजलेल्या आट्यांत उलटं होतं: पाना घट्ट लागतो, चाक मात्र दाबलं जात नाही.

अलॉय (मिश्रधातूची चाकं) बाजारातून घेऊन बसवले असतील तर नटाचं बूड तपासा. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोलाकार असतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूसारखं लागतं. एकाचे नट दुसऱ्याला लावले तर जेमतेम एका कडेवर टेकतात, आणि असे नट कितीही आवळा, टिकत नाहीत.

आता बसवणं. सगळे नट आधी हातानेच फिरवा. पहिल्याच वेढ्याला एअर गन (हवेच्या दाबावर नट फिरवणारं यंत्र) लावली आणि नट तिरका गेला की आटे गेलेच. मग पान्याने थोडे थोडे आवळा, एकानंतर समोरचा असे: चार नट असतील तर फुलीसारखे, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे. ओळीने शेजारचे आवळत गेलात तर चाक एका बाजूला कलून बसतं. टायर जमिनीला टेकेपर्यंत जॅक उतरवा आणि शेवटचा जोर तेव्हा द्या.

किती जोर? आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप). 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला 40 किलोचा जोर दिला की जवळपास 100 होतात. आणि 70 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्यावर नुसता उभा राहिला तरी दोनशेच्या वर! उड्यांचा हिशेब तुम्हीच करा. असा ताणलेला स्टड पुन्हा पूर्ववत होत नाही, एखाद्या दिवशी तुटतो. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, घरात असलेला बरा, आमच्या सोसायटीत चौघांनी मिळून एक घेतलाय. (जुनी जीप असेल तर सांभाळून: तिच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असू शकतात.)

यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर, चाकं थंड असताना, नट त्याच आकड्यावर पुन्हा तपासायचे. कासारवडवली ते महापे अशी ये-जा असेल तर दोन दिवसांत होतात. पुण्याला निघाला असाल तर खालापूरला थांबून चहा झाल्यावर, चाकं थंड झाली की बघा. तपासून झालं की प्रत्येक नटापासून चाकापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, वाकून पाना लावायलाही नको. काही बस-ट्रकच्या नटांवर छोटे पिवळे बाण असतात, तेही याचसाठी.

हळू चालवताना चाकाच्या फेऱ्यागणिक टक्‌-टक्‌, स्टिअरिंगला थरथर, नटाच्या भोवती गंजाचे ओघळ किंवा घासून चमकलेला धातू, यातलं काहीही दिसलं तर "गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणू नका. गाडी कडेला घ्या, तिथेच आवळा. मग हळूहळू गॅरेजला नेऊन चाक उतरवायला सांगा, कारण ढिलं चाक चालल्याने भोकं लंबगोल होतात. तशी झाली असतील तर ते चाक पुन्हा वापरायचं नाही. एखादा स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचेही बदलून घ्या, त्यांनी त्याचा भार ओढलेला असतो. माझ्या त्या चाकाचे पाचही बदलले.