क्लबच्या लेआउटवर डीसीसी: माझी गाडी कोण पळवतंय?

रविवारी कोल्हापुरात आमच्या मॉडेल रेल्वेच्या ग्रुपचं एचओ मापाचं (खऱ्या गाडीच्या 1:87) लेआउट, म्हणजे रुळांचा सगळा पसारा, मांडला की पहिला अर्धा तास नुसता आरडाओरडा, "अरे माझी गाडी कोण पळवतंय?" दोष रिमोटचा नव्हता मर्दा, ॲड्रेसचा होता. नवीन डिकोडर (इंजिनातली हुकूम ऐकणारी चिप) येतो तो 3 नंबरवर सेट होऊन. तिघांनी खोक्यातनं इंजिन काढून थेट रुळावर ठेवलं, एकानं थ्रॉटल (वेगाचं बटण) फिरवला की तिन्ही निघाली. डीसीसीत, म्हणजे इंजिनं नंबरानं पळवायच्या डिजिटल पद्धतीत, रुळावर करंट कायम असतो आणि हुकूम त्याच करंटमधनं जातो, ज्याचा नंबर पुकारला तेच इंजिन ऐकणार, नंबर एकच असेल तर सगळी ऐकणार.

म्हणून आधी वही घाला. इंजिनावर रंगवलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे हाच ॲड्रेस, वॅप-7 चा 30201 असेल तर 201. पाच आकडी पूर्ण टाकायला जाऊ नका, सिस्टीम घेत नाही. 128 च्या खाली येत असेल तर बदला, कारण 1 ते 127 हा छोट्या ॲड्रेसचा पट्टा आहे, तिथं घोळ होतोय. दोघांचे आकडे सारखे निघाले तर वहीत ज्याचं नाव आधी त्याचा नंबर, दुसऱ्यानं बदलायचा, वाद नाही.

ॲड्रेस टाकायचा तो फक्त प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर. हा तुकडा बाकी रुळांपासून पूर्ण तोडलेला पाहिजे आणि त्यावर एकच इंजिन. आमच्यातल्या एकानं (मीच तो) प्रोग्रॅमिंगची वायर चुकून मेन लाइनला जोडली आणि उभ्या सगळ्या इंजिनांना एकच नंबर बसला, सगळा दिवस त्यात गेला.

रिमोट म्हणाल तर प्रत्येकाला हँडसेट घ्यायची गरज नाही. लॅपटॉपवर जेएमआरआय हे फुकटचं सॉफ्टवेअर, फोनवर इंजिन ड्रायव्हर ॲप, झालं. रुळावर हुकूम सोडणारं कमांड स्टेशनसुद्धा अर्डुइनो मेगा (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि मोटर शिल्डवर डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर टाकून घरी बनतंय, पण जास्त इंजिनं पळवायची तर रुळाला जास्त करंट देणारा वेगळा बूस्टर लागतोच. राउटर क्लबचा वेगळा ठेवा, इंटरनेट नसलं तरी चालतंय, फक्त वायफायला नेट नाही दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि गाडी हातातनं सुटते, तेव्हा खेळायच्या आधी डेटा बंद. दुसरं म्हणजे ऐन उताराला घरनं फोन येतोच, त्यासाठी ॲपमध्ये कॉल आल्यावर गाडी थांबवायचं सेटिंग आहे ते चालू करा.

आता शॉर्ट. एक डबा घसरला की सगळं लेआउट बंद, नऊ जण त्या एकाकडं बघत बसतात. लेआउटचे झोन पाडा, आमच्याकडं मिरज यार्ड, जयसिंगपूर ते रुकडी आणि कोल्हापूर असे तीन, हद्दीवर दोन्ही रूळ कापलेले, प्रत्येकाला वेगळा ब्रेकर, आणि तो बूस्टरच्या आधी पडला पाहिजे. वायर उलटी लागली तर हद्द ओलांडतानाच शॉर्ट होतो, म्हणून मीटर एसी व्होल्टवर ठेवून हद्दीच्या अलीकडचा-पलीकडचा एकाच बाजूचा रूळ तपासा, शून्याजवळ आलं तर ठीक, बारा-पंधरा दाखवलं तर वायरी अदलाबदल करा. शेवटी दर दीड-दोन फुटांवर दोन्ही रुळांवर आडवं दोन रुपयाचं नाणं ठेवत जायचं, ब्रेकर लगेच पडला पाहिजे. जिथं पडत नाही तिथं फीडर (रुळाला करंट पोचवणारी वायर) कमी आहे, नवीन वायर सोल्डर करा, त्याशिवाय तिथनं गाडी सोडू नका.